पन्नास वॅटचं आवतन

आमच्या गावात रेडिओचं केंद्र आहे म्हणलं की शहरातले लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे आकाशवाणी का?" नाही हो. आकाशवाणीला मोठ्या इमारती असतात, फाटकावर शिपाई असतो. आमचं केंद्र दूध डेअरीच्या माडीवर दोन खोल्यांत आहे. एका खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, तिथं बसून बोलायचं. दुसऱ्या खोलीत मशीन आणि मॅडम. गच्चीवर लोखंडी खांब आहे, त्याच्यावर वानरं बसतात. वानर बसलं की आवाज खरखरतो असं आमचे मशीनवाले भाऊ सांगतात. वानर नसलं तरी खरखरतो, हे मी सांगते.

चितेगाव सोडून पैठणच्या अंगाला जरा आत वळलं की आमचं गाव. केंद्राची ताकद पन्नास वॅट. हा आकडा मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी मॅडमला म्हणलं, आमच्या न्हाणीत पूर्वी जो पिवळा दिवा होता तो साठचा होता. त्या उजेडात साबण सापडत नव्हता आणि तुम्ही म्हणता पन्नासात आपण दहा-बारा कोसांवर ऐकू जाणार. मॅडम शहरातल्या, सिडकोच्या, रेडिओचंच शिक्षण घेऊन आलेल्या, माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी भिंतीवरचा नकाशा दाखवला. नकाशावर आमचं गाव मधोमध आणि भोवती लाल गोल. ताट उपडं ठेवून काढावा इतका गोल. "या वर्तुळात आपण पोचतो, मावशी."

मी चौथीपर्यंत शाळेत गेले. पुढचं शिक्षण मुलांना अभ्यासाला बसवून त्यांचीच पुस्तकं वाचत झालं. मुलं उठून खेळायला जायची, मी धडा पुरा करायची. पण इतकं मला तेव्हाही कळत होतं की आपल्याकडची जमीन काही ताटासारखी नाही. पाणी उताराला जातं आणि रेडिओ चढाला जातो. खोलगटात राहणाऱ्याला विहिरीला पाणी मिळतं, रेडिओ मिळत नाही. देवानं हे वाटप बरोबरच केलंय, पण नकाशा काढणाऱ्याला सांगितलेलं नाही.

तर त्या केंद्रावर मी हप्त्यातून दोनदा सकाळी बोलते. विषय मॅडम देतात. पोषण, स्वच्छता, असलं काहीतरी. मी शेवग्याच्या पाल्यापासून सुरू करते आणि शेजारणीच्या सुनेपर्यंत कधी पोचते ते माझं मलाच कळत नाही. लोकांना ते आवडतं. शेजारणीला नाही आवडत.

तुळशीचं लग्न झालं की आमच्या पुतणीचं लग्न ठरलेलं होतं. पुतणी म्हणजे माझ्या धाकट्या जावेची मुलगी. चिकलठाण्याच्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते, हुशार पोरगी. सगळं ठरलं होतं. नवरा मुलगा, मंडप, आचारी, बस्ता. अडलं होतं एका मामावर.

आमच्याकडे मंगलाष्टकं लागायच्या आधी भोंग्यावर पुकारतात, "मुलीचे मामा, मुलीच्या पाठीशी उभे राहा." मामा उठतो, मुलीच्या मागं जाऊन उभा राहतो, मग पुढचं. जावेला सख्खा भाऊ एकच. आईबाप गेलेले. तिचं माहेर म्हणजे आता तो भाऊच. आणि तो आमच्या घरावर रुसून बसला होता.

रुसायचं कारण ऐकाल तर तुम्ही मला खोटी म्हणाल. माझ्या थोरल्या मुलाच्या लग्नात आहेर म्हणून त्याला टॉवेल-टोपी दिली. माणसाचं डोकं मोठं. टोपी लहान. ती नुसती वर बसली, डब्यावर झाकण तिरकं बसावं तशी. एवढ्यावर निभलं असतं. पण आमच्या मालकांना राहवलं नाही. ते भर मांडवात म्हणाले, "पाव्हणं, निम्मं डोकं घरी ठिवून यायचं व्हतं." लोक हसले. पाव्हण्यांनी टोपी काढली, घडी करून खिशात घातली आणि न जेवता गेले. तेव्हापासून आमच्या उंबऱ्याला त्यांचा पाय लागला नाही.

जाऊ स्वतः बोलवायला जाऊन आली. भावानं तिला पोटभर जेवू घातलं, साडी दिली आणि सांगितलं, "तू बहीण हायेस. तुला आवतनाचा अधिकार नाय. कार्याचं आवतन थोरल्यानं तोंडानं द्यायचं असतंय. थोरल्या पाव्हण्याचं तोंड मला ठावं हाये, त्या तोंडातून बाहेर येऊ दे."

थोरले पाव्हणे म्हणजे आमचे मालक. त्यांना म्हणलं, जा, एक फेरी मारा. त्यांचं एकच, "त्याच्या दारी जाऊ? मी? टोपी मी दिली, टोपी त्यानं खिशात घालून नेली, आणि माफी बी मीच मागू?"

"माफी कुठं मागायचीय? आवतन द्यायचंय."

"एकच हाये ते."

पुतणी म्हणाली, व्हॉट्सअॅपला पत्रिका टाकली आहे, निळी खूण पण आली. आता त्या निळ्या खुणेचं काय करायचं ते तिला कोण समजावणार? छापलेली पत्रिका म्हणजे खबर. आवतन तोंडाचं असतं. आणि त्यातही साधं आवतन वेगळं आणि चूलबंद आवतन वेगळं. साधं म्हणजे घरातलं एक माणूस जेवायला या. चूलबंद म्हणजे म्हातारं, लेकरू, गडी, सगळे या, त्या दिवशी तुमची चूल पेटवायची नाही. चूलबंद देताना माणूस दहादा विचार करतो, कारण लोक खरंच सगळे येतात.

जाऊ माझ्यापाशी येऊन बसायची, लसूण सोलायची आणि काही बोलायची नाही. तिच्या न बोलण्यानंच मला वैताग यायचा. एकदा मात्र म्हणाली, "अक्का, मामाला पुकारतील आणि मागं कुणीच नसंल. माझ्या लेकीच्या पाठीमागं नुसती कनात."

त्यावर मला रेडिओ सुचला. तोंडच पाहिजे ना? रेडिओवर तोंडच असतं, बाकी काही नसतंच. मालक कुणाच्या दारी जाणार नाहीत, माडीवर तर जातील? शिवाय त्यांना आपल्या आवाजाचा फार अभिमान. गावात कुठली सभा असली की माईक तपासायला हेच उठतात, बोलायला कुणी बोलावलेलं नसलं तरी.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, घरगुती निमंत्रणं आपल्याला लावता येत नाहीत. नियम आहे."

मी म्हणलं, "निमंत्रण नाही हो. लग्नात मानपानावरून माणसं तुटतात, हा सामाजिक प्रश्न आहे का नाही?"

 त्यांनी वहीत लिहिलं, लग्नसराईतील मानपान, एक सामाजिक प्रश्न, वक्ते ज्येष्ठ शेतकरी, वेळ दोन मिनिटं. शिकलेल्या माणसाचं हे बरं असतं, नाव बदललं की वस्तू बदलते.

मालक धोतर बदलून आले. रेडिओवर धोतर दिसत नाही हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. अंड्यांच्या ट्रेकडं बघून म्हणाले, "इथं कोंबड्या पाळायच्या का?" मग खाकरले आणि सुरू झाले.

"राम राम मंडळी. आमच्या घरी कार्य हाये. लग्न म्हणलं की उन्नीस-बीस व्हतंच. तर आमच्या घरावर जे कुणी मामा रुसून बसले असतील, त्यांनी झालं गेलं मनातून काढावं. चूलबंद आवतन हाये. ज्याला कळायचं त्याला कळंल."

बस. ना नाव, ना गाव. मी काचेतून खुणा करून दमले, नाव घ्या म्हणून. त्यांनी मान फिरवली. बाहेर आल्यावर म्हणाले, "नाव घेऊन बोलवाया तो काय मंत्री हाये?"

जाऊ मात्र खूश. म्हणाली, "दादा दिवसभर वावरात रेडिओ लावून असतो. समजंल त्याला." तेच रेकॉर्डिंग चार दिवस सकाळ-संध्याकाळ वाजलं.

पहिला फोन पाचोडहून आला. बोलणारे म्हणजे मालकांच्या आत्याच्या सासरकडचे मामा, फार लांबचे.  "पाव्हणं, मन मोठं केलंत. मला वाटलं, मी रुसलोय हे तुम्हाला म्हाईतच नाय."

मालकांनी फोनवर हात ठेवला आणि मला विचारलं, "हे कशावर रुसले व्हते?"

"मला काय ठाऊक? हो म्हणा."

ते हो म्हणाले. झालं, चूलबंद. मग बिडकीनकडून एक जण. त्यांना कुठल्याशा जेवणात दुसऱ्यांदा बुंदी वाढली नव्हती. मग आमच्या सासूबाईंच्या माहेरचे एक, ते कशावर रुसले होते ते त्यांनाही आठवत नव्हतं, पण रुसले होते एवढं नक्की. आमच्या घरावर एवढी माणसं रुसलेली आहेत आणि आम्ही सुखानं जेवतोय, याची आम्हाला काही कल्पनाच नव्हती. शेवटी नवऱ्या मुलाच्या मामांचा फोन आला. आवाज कडक. "आम्हाला नुसती पत्रिका आन् रुसलेल्यांना चूलबंद? म्हणजे आम्ही रुसलो नाय ही आमची चूक झाली का?"

त्यांनाही चूलबंद द्यावं लागलं.

आचाऱ्यानं विचारलं, किती पान धरायचं? मालक म्हणाले, "रेडिओला विचार."

मशीनवाले भाऊ खूश झाले होते. हे भाऊ पूर्वी घरोघर टीव्हीच्या छत्र्या बसवायचे, आता केंद्राचा खांब आणि तारा सांभाळतात. जिथून जिथून रुसलेल्याचा फोन आला तिथं तिथं त्यांनी नकाशावर टिकल्या चिकटवल्या, माझ्याच पाकिटातल्या. "मावशी, लोकांना विचारत फिरायचं कामच राहिलं नाही. जिथं रुसवा निघाला तिथं आपला सिग्नल आहे." मॅडमनी पण मोबाइलवर फोटो काढला. त्यांना वर कुठंतरी दाखवायचं होतं की आपलं केंद्र लोक ऐकतात म्हणून.

मी त्या टिकल्यांकडं बघत होते. वर्तुळाच्या आत, टेकाडापलीकडं, जावेच्या भावाच्या गावावर टिकली नव्हती. जाऊ रोज संध्याकाळी विचारायची, "दादाचा फोन आला का?" आणि रोज कुणातरी दुसऱ्याच मामाचा आलेला असायचा.

दादाचा जबाब आला तो पाचोडच्या बाजारातून. आठवडी बाजाराला तो कांद्याचं बी घ्यायला गेला होता. तिथं बांगड्या विकणाऱ्या बाईपासून बियाणं विकणाऱ्यापर्यंत सगळे त्याला सांगायला लागले, तुझं नाव रेडिओवर आलं, रुसलेला मामा म्हणून. नाव तर घेतलंच नव्हतं, पण लोकांना नाव लागत नाही. बियाणंवाला संध्याकाळी आमच्या गावावरून जाताना निरोप देऊन गेला. निरोप असा होता, "माझ्या गावात रेडिओ येत नाय, हे माझ्या बहिणीच्या सासरला पक्कं ठावं हाये. जिथं रेडिओ येत नाय तिथं रेडिओवरून आवतन धाडायचं, म्हणजे पोचू नये म्हणूनच धाडायचं. साऱ्या मुलखाला बोलवलं आन् मला एकट्याला गाळलं. टोपीचं मी इसरलो व्हतो. हे इसरणार नाय."

जाऊ ओट्यावरच बसली. मालक मात्र चिडले, "येत नाय कसा? खोटं बोलतोय. गोलात हाये त्याचं गाव." आणि मशीनवाल्या भाऊंनी लगेच मान हलवली, आहे की, वर्तुळात आहे. वर्तुळ त्यांनीच काढलेलं.

मग मीच म्हणलं, चला, बघूनच येऊ. खरंखोटं करू. रेडिओ येत असेल तर तो उगीच रुसलाय. येत नसेल तर चूक आपली, मग मालकांना त्याच्या दारी जावं लागेल. मालक म्हणाले, "मंजूर." कारण त्यांना गोलावर विश्वास होता. ठरलं असं, मी आणि भाऊ ट्रान्झिस्टर घेऊन त्याच्या गावाला जायचं. जाऊ आणि मालकांनी केंद्रावर बसायचं. जेवायच्या वेळेआधी मॅडमनी रेकॉर्डिंग लावायचं.

भाऊंच्या मोटरसायकलवर मी मागं, मांडीवर ट्रान्झिस्टर. रस्ताभर आमचं केंद्र खणखणीत वाजत होतं, शेळ्यांच्या लसीकरणाची माहिती चालली होती. टेकाडावर तर असा आवाज की मॅडम शेजारी बसल्यात. मग रस्ता खाली उतरला. लिंबाचं झाड ओलांडलं आणि लसीकरण मधेच गेलं. खर्रर्र.

मी म्हणलं, "भाऊ, मागं फिरायचं का?"

"मावशी, वर्तुळात आहे हो," ते म्हणाले. पण आवाज आता खणखणीत नव्हता.

पाव्हणे ओसरीवर बसले होते. मला बघून उठले. रुसवा आमच्या मालकांशी, माझ्याशी नाही, म्हणून आधी पाणी आलं, मग चहा, मग विषय. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अक्का, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण आवतन आलंच नाय तर म्या कुठं मोडलं? लावा तुमचा रेडिओ."

लावला. खर्रर्र. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, शेजाऱ्याच्या कानाला लावला. "ऐक. हे आमचं आवतन." बघता बघता माणसं जमली. मी म्हणलं, घराला पत्रे आहेत, बाहेर बघू. बाहेर खर्रर्र. मारुतीच्या पारावर खर्रर्र. शाळेपाशी कुणीतरी हिंदी गाणं लागल्यासारखं वाटलं म्हणून सगळे थांबले, ते शाळेतल्या मास्तरांच्या मोबाइलवर निघालं. पुढं पाव्हणे, त्यांच्या हातात ट्रान्झिस्टर, मागं मी, भाऊ आणि निम्मं गाव. कुणाची तरी वरात चालल्यासारखं आम्ही त्या खर्रर्रच्या मागं चाललो होतो. दर थांब्यावर पाव्हण्यांचं तोंड जास्त जास्त खुलत होतं. माणूस आपलं खरं ठरल्यावर किती देखणा दिसतो!

"गाव संपलं, अक्का," ते म्हणाले. "आता पुढं माझं वावरच."

"मग वावरातच बघू. तुम्ही दिवसभर तिथंच तर असता."

त्यांचं वावर चढावर. कांदाचाळीपर्यंत खर्रर्र. चाळ ओलांडून ते बांधावर चढले आणि त्यांच्या हातात आमचे मालक बोलायला लागले. "...मनातून काढावं. चूलबंद आवतन हाये. ज्याला कळायचं..."

पाव्हणे जागच्या जागी थांबले. रेडिओकडं असे बघायला लागले की वाटलं आता बांधाखाली फेकतात. भाऊंनी हात जोडले, देवाला की खांबाला ते मी विचारलं नाही.

"हे वावर हाये," पाव्हणे म्हणाले. "घर नव्हं. वावरात आवतन देतेत का कुठं? रेडिओ घेऊन मी चाळीखालीच बसतो, तिथं दुसरंच काही वाजतं."

माणसं लगेच वाद घालायला लागली. कुणी म्हणे शिवारात आलं म्हणजे गावात आलं. कुणी म्हणे उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय नाही. पाव्हण्यांची म्हातारी चुलती काठी टेकत मागून आली होती. तिनं दम खाल्ला आणि म्हणाली, "तुझा बाप गेल्याचा सांगावा कुठं आला व्हता रं तुला? ह्याच बांधावर आला व्हता. तवा म्हणलास का, घरी येऊन सांगा, मग रडतो?"

 आणि त्याच वेळी रेडिओतून आमची जाऊ बोलली.

हे ठरलेलं नव्हतं. रेकॉर्डिंग संपलं आणि मॅडमनी तिला माईकपुढं बसवली, हे मला नंतर कळलं. ती आयुष्यात कधी माईकवर बोलली नव्हती. तिनं फोनवर बोलावं तसं सुरू केलं.

"दादा? मी बोलते. आवाज येतोय का?"

"येतोय की, बोल," पाव्हणे ट्रान्झिस्टरला म्हणाले.

"जेवलास का?"

"आताच कुठं? बाराबी नाय वाजले."

ती थांबायची, फोनवर थांबतात तशी. हे जबाब द्यायचे. मला हसू आलं, मी खोकल्यावर नेलं. दुसरं कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते अगदी बरोबर वाटत होतं.

"दादा, मला काय बोलायचं ते सुचत नाय. इथं लाल दिवा लागलाय. लई मामा येतेत लग्नाला. रोज फोन येतो. मी रोज पळत जाते, तर दुसराच कुणीतरी असतो. एवढे मामा येतेत पण त्यातला माझा एकबी नाय. ह्यांचं तुमचं काय असंल ते असू दे. माझ्या लेकीच्या मागं तू पाह्यजेस. येशील ना?"

आता थांबली ती थांबलीच.  पाव्हण्यांनी रेडिओ दोन्ही हातांत धरला होता आणि अंगठ्यानं त्याची धूळ पुसत होते, पुसलेल्या जागी परत परत. तेवढ्यात रेडिओतून ओळखीचं खाकरणं आलं. आमच्या मालकांना कुठं गप्प बसवतंय! माईकपासून लांबून आवाज आला, "विचार त्याला, डोक्याचं माप काय हाये म्हणावं. ह्या टायमाला मोठी घेतो."

पाव्हण्यांच्या मानेची शीर फुगली. मी मनात म्हणलं, संपलं, लग्न बुडालं. पण ते रेडिओला तोंड लावून म्हणाले, "माप घ्यायला ये म्हणावं." आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

त्यावर रेडिओनं शेळ्यांच्या लसीकरणाची तारीख सांगितली.

परत गावात येऊन जेवणं झाली. निघताना पाव्हण्यांनी निकाल दिला. विचार करून, एकेक शब्द तोलून, "अक्का, आवतन माझ्या वावरापर्यंत आलंय, घरापर्यंत नाय. हे खरं का नाय?"

"खरं."

"मग मी बी तुमच्या वावरापर्यंत येतो. तिथून घरी न्यायला थोरल्या पाव्हण्यानं यायचं. एकट्यानं. रेडिओनं नव्हं."

घरी येऊन सांगितलं तर मालक भडकले. "म्हणजे आखरीला मीच जायचं?"

"कुठं जायचंय तुम्हाला? वावर कुणाचंय?"

"माझं."

"मग तुमच्याच वावरात जायला तुम्हाला काय लाज? त्याच्या दारी कुठं चाललात?"

त्यांनी तंबाखू मळत मळत त्यात खोट शोधली. बराच वेळ शोधली. सापडली नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी, मांडवात निम्मे लोक जमलेले, आणि हे म्हणाले, "मोटर चालू राह्यली का बघून येतो." कोऱ्या धोतरात मोटर बघायला गेले. जाऊ हळद-कुंकवाचं ताट धरून दारात उभी होती.  बायका हाक मारत होत्या, तिला ऐकू येत नव्हतं. मग वावराकडच्या पांदीतून दोघं येताना दिसले. पुढं मालक, चार हात मागं पाव्हणे.  पाव्हण्यांनी घरूनच फेटा बांधून आणला होता, भला मोठा, केशरी. कुणाच्या टोपीची भानगडच नको. त्यांच्या मागं त्यांची बायको, पोरं, सुना, गडी आणि ती चुलती काठी टेकत. चूलबंद म्हणजे चूलबंद.

जावेनं भावाच्या पायावर पाणी घातलं. तो म्हणाला, "वाळलीस की गं." ती म्हणाली, "बस आधी." एवढंच. 

पण खरा घोटाळा पुढंच होता आणि तो कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. मुहूर्त जवळ आला. भोंग्यावर गुरुजींनी पुकारलं, "मुलीचे मामा, मुलीच्या पाठीशी उभे राहा."

पाचोडचे मामा उठले. बिडकीनचे बुंदीवाले उठले. सासूबाईंच्या माहेरचे, ज्यांना रुसव्याचं कारण आठवत नव्हतं, तेही उठले. आणखी कुठून कुठून उठले, सगळे डोळे पुसत, सगळे मालकांच्या मोठेपणाचे आभार मानत. रेडिओवरून खास बोलावलेलं माणूस मागं कसं राहील? मुलीच्या मागं बघता बघता भिंत उभी राहिली. नवऱ्याकडचे गोंधळून बघायला लागले. त्यांना वाटलं असेल, मुलीच्या आजोबांना किती पोरं होती!

आणि सख्खा मामा राहिला मागं. तो आल्यापासून मांडवाच्या कडेच्या खांबापाशीच बसला होता, कारण आल्या आल्या पुढं बसणं त्याच्या मानात बसत नव्हतं. तो उठला, दोन पावलं आला, समोर ती पाठींची भिंत बघितली आणि थांबला. त्याची नजर चपला ठेवल्या होत्या तिकडं गेली. ते मी बघितलं आणि जावेनं पण. जावेच्या हातातल्या अक्षता खाली सांडल्या.

मी मालकांना कोपरानं ढोसलं. एरवी माझं कोपर त्यांना लागत नाही. त्या दिवशी लागलं. ते उठले, गुरुजींच्या हातून माईक घेतला. मला वाटलं आता काहीतरी वाकडं बोलणार. तर ते खाकरले आणि त्या पाव्हण्याचं नाव घेतलं. नुसतं नाव नाही, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं, सरकारी कागदावर असतं तसं पुरं. "हे मुलीचे सख्खे मामा. ह्यांना वाट द्या. बाकीच्या मामांनी रागावू नये, पण पुढं हे." माईक परत देताना हळूच म्हणाले, पण भोंग्यावर ऐकू आलंच, "आता झालं का समाधान?"

मामांची भिंत मधोमध उघडली. केशरी फेटा तिच्यातून पुढं आला आणि मुलीच्या अगदी पाठीशी जाऊन उभा राहिला. बाकीचे मामा बसले नाहीत. त्याच्या मागं ओळीनं उभे राहिले, आणि खरं सांगते, त्यातला कुणी रुसला नाही. निदान त्या दिवशी तरी नाही.

मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. वाजंत्री सुरू झाली, मुलीनं माळ घातली, बायका ताटं घेऊन पुढं धावल्या, बाकीचे मामा जेवणाच्या पंगतीकडं निघाले. पाव्हणे मात्र तिथंच, हात जोडलेले, सरळ, हलायला तयार नाहीत. त्यांच्या पुढून मुलगी निघून स्टेजच्या दुसऱ्या टोकाला गेली होती आणि ते एका रिकाम्या पाटामागं उभे होते.

शेवटी जाऊ जवळ गेली आणि त्यांच्या हाताला धरून म्हणाली, "दादा, लगीन झालं. आता बस."

"झालं व्हय?" ते म्हणाले, आणि तरी जरा वेळ उभेच राहिले.